विश्लेषण : कॅन्सरच्या रुग्णांना मुद्दाम ताप आणणारे डॉ. विल्यम कोली कोण होते? टी पेशींच्या संशोधनाशी त्यांचा काय संबंध?

कॅन्सरवरील इम्युनोथेरपी हा शब्द आता बातम्यांत नवा राहिलेला नाही. रुग्णाच्या शरीरातील टी पेशींना कॅन्सरच्या गाठीवर तुटून पडायला लावायचे, हे या उपचारांचे सूत्र. त्यातील संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या सहकार्यातून तयार झालेल्या कार-टी उपचाराला भारतात मान्यता मिळाली.

या संशोधनाची गोष्ट सांगताना जवळपास प्रत्येक जण सुरुवात एकाच नावापासून करतो. डॉ. विल्यम ब्रॅडली कोली. गंमत अशी, की कोली यांचे निधन १९३६ मध्ये झाले आणि टी पेशी म्हणजे काय हे जगाला १९६० च्या दशकात कळले. ज्या गोष्टीचा त्यांना पत्ताच नव्हता, तिचे जनकत्व त्यांना का दिले जाते? आणि ते इतके मोठे होते, तर मधली कित्येक वर्षे त्यांचे नाव चेष्टेने का घेतले जात होते?

एका मुलीचा हात

कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झाला. येल विद्यापीठातून पदवी, मग दोन वर्षे ओरेगॉनमध्ये शाळेत शिकवण्याची नोकरी, त्यानंतर हार्वर्डमधून वैद्यकीय शिक्षण. १८८८ मध्ये ते डॉक्टर झाले आणि न्यूयॉर्कमध्ये सर्जन म्हणून काम करू लागले. इथपर्यंत त्यांच्या चरित्रात वेगळे काही नाही.

१८९० च्या शरद ऋतूत त्यांच्याकडे १७ वर्षांची एक मुलगी आली. नाव एलिझाबेथ डॅशिएल, घरचे तिला बेसी म्हणत. रेल्वे प्रवासात आसनांच्या फटीत तिचा हात चिमटला होता. दुखापत किरकोळ वाटली, पण सूज उतरेना आणि वेदना वाढत गेल्या. सुरुवातीला संसर्ग असावा असे वाटले. तपासणीअंती निघाला सार्कोमा, म्हणजे हाडे, स्नायू अशा उतींमध्ये होणारा कॅन्सर.

तेव्हा कॅन्सरवर एकच उपाय होता, कापून काढणे. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पाच वर्षे होती आणि केमोथेरपीला अर्धशतक. कोली यांनी नोव्हेंबरमध्ये बेसीचा हात कोपराखालून कापला. तरीही कॅन्सर शरीरभर पसरला. २३ जानेवारी १८९१ रोजी तिचा मृत्यू झाला. हात चिमटला त्याला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते.

कोली २९ वर्षांचे होते. सर्जन म्हणून जे करायचे ते त्यांनी केले होते आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. पुढची ४५ वर्षे त्यांनी जे काही केले, त्याचे मूळ या एका मृत्यूत सापडते, असे त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण मानतात.

बेसीच्या मृत्यूने आणखी एक माणूस हादरला होता. तिचा जवळचा मित्र जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर. तेलसम्राट रॉकफेलर यांचा हा मुलगा पुढे कॅन्सर संशोधनाचा मोठा देणगीदार झाला. रॉकफेलर घराण्याचे नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

जुन्या फायली आणि हरवलेला रुग्ण

बेसी गेल्यानंतर कोली यांनी न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी चाळायला घेतल्या. सार्कोमाचा एखादा तरी रुग्ण बरा झाला आहे का, हे त्यांना पाहायचे होते. आज आपण ज्याला डेटा म्हणतो, तो तेव्हा हाताने लिहिलेल्या केसपेपरच्या गठ्ठ्यांत होता.

त्यात त्यांना फ्रेड स्टाइन नावाच्या जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली. सुमारे सात वर्षांपूर्वीची. स्टाइनच्या मानेवर आणि गालावर सार्कोमा होता. शस्त्रक्रिया करावी, की गाठ पुन्हा वाढावी, असे अनेकदा झाले. शेवटच्या शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली नाही आणि जखमही भरेना. त्यातच जखमेत इरिसिपेलसचा संसर्ग झाला. कातडी लालभडक होऊन तापाने फणफणणारा हा आजार, आपल्याकडची जुनी माणसे याला धावरे म्हणत. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात इरिसिपेलसने रुग्ण दगावणे नित्याचे होते.

स्टाइन दगावला नाही. उलट ताप चढत गेला तशी गाठ आकसत गेली आणि शेवटी दिसेनाशी झाली. त्याला घरी सोडल्याची नोंद होती. त्यानंतर काय झाले, याची मात्र कुठेच नोंद नव्हती.

आता कुणी असते तर हा अपवाद म्हणून पान उलटले असते. कोली स्टाइनला शोधायला निघाले. लोअर ईस्ट साइड म्हणजे तेव्हा न्यूयॉर्कमधली स्थलांतरितांची दाट वस्ती, आपल्या गिरणगावातल्या चाळींसारखी खचाखच भरलेली. तिथे त्यांनी दारोदार विचारपूस केली. १८९१ मध्ये स्टाइन सापडला. मानेवर मोठा व्रण होता, पण कॅन्सरचा मागमूस नव्हता.

मला या संपूर्ण चरित्रातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोली यांच्या नावावर लागलेले नंतरचे दावे वादग्रस्त आहेत, त्याकडे येऊच. पण केसपेपरमधली एक विसंगत ओळ गांभीर्याने घेऊन ती खरी आहे की नाही हे स्वतः चालत जाऊन तपासणे, ही गोष्ट निर्विवाद आहे.

संसर्ग आणि कॅन्सर यांचा हा संबंध कोली यांना पहिल्यांदाच दिसला असे नाही. जर्मनीत बुश आणि फेहलायझन या डॉक्टरांनी तो आधीच नोंदवला होता. इरिसिपेलसला स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू कारणीभूत असल्याचे फेहलायझन यांनीच दाखवले होते. पण हा धागा धरून आयुष्यभर बसले ते कोली.

मुद्दाम आजारी पाडण्याचा प्रयोग

मे १८९१ मध्ये कोली यांनी झोला या इटालियन स्थलांतरिताला जिवंत स्ट्रेप्टोकोकसचे इंजेक्शन दिले. झोलाच्या टॉन्सिलमध्ये आणि मानेत सार्कोमा होता. त्याला नीट गिळताही येत नव्हते आणि तो फार तर काही आठवडे जगेल असे डॉक्टरांचे मत होते.

पहिल्या प्रयत्नांत हवा तसा संसर्गच होईना. थोडा ताप यायचा, गाठ जराशी लहान व्हायची आणि पुन्हा वाढायची. अखेर कोली यांनी जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून आलेले अधिक जहाल जिवाणू वापरले. ऑक्टोबरमध्ये झोला इरिसिपेलसने इतका आजारी पडला की तो वाचतो की नाही अशी वेळ आली. ताप १०५ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला. त्यानंतर दोन आठवड्यांत मानेतली गाठ विरघळून गेली. झोला पुढे आठ वर्षे जगला.

आज हा प्रयोग कुठल्याही नैतिकता समितीपुढे एक मिनिटही टिकणार नाही. मरणाच्या दारातल्या, गरीब, परक्या देशातून आलेल्या माणसाला जीवघेणा संसर्ग मुद्दाम दिला गेला होता. त्यातून तो वाचला म्हणून ही गोष्ट सुरस वाटते. सगळेच वाचले नाहीत. जिवंत जिवाणू टोचलेले किमान दोन रुग्ण कॅन्सरने नव्हे, त्या संसर्गानेच दगावले. कोली यांना थांबावे लागले.

मग त्यांनी मार्ग बदलला. जिवाणू उष्णतेने मारून टाकायचे आणि त्यांचे मिश्रण टोचायचे. स्ट्रेप्टोकोकससोबत त्यांनी सेरेशिया नावाचा दुसरा जिवाणू मिसळला. शिळ्या पावावर कधीकधी रक्तासारखा लाल डाग पडतो, तो या जिवाणूचा प्रताप. हे मिश्रण पुढे 'कोली टॉक्सिन' या नावाने ओळखले गेले. मेलेल्या जिवाणूंमुळे संसर्ग होत नसे, पण थंडी वाजून ताप मात्र भरून येई. कोली यांना तेच हवे होते. डोस हळूहळू वाढवत, आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने ते रुग्णांना असा ताप आणत.

जानेवारी १८९३ मध्ये या मिश्रणाचा प्रयोग ज्याच्यावर झाला, तो १६ वर्षांचा मुलगा होता. पोटात प्रचंड गाठ, शस्त्रक्रिया अशक्य. काही महिन्यांच्या इंजेक्शनांनंतर गाठ जवळपास नाहीशी झाली. त्या मुलाचा मृत्यू झाला तो २६ वर्षांनी, हृदयविकाराने.

१८९९ पासून पार्क-डेव्हिस ही औषध कंपनी कोली टॉक्सिन बनवून विकू लागली. युरोप-अमेरिकेतले डॉक्टर ते वापरू लागले. कोली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हाडांच्या कॅन्सरच्या विभागाचे प्रमुख झाले. हेच रुग्णालय आज मेमोरियल स्लोन केटरिंग म्हणून जगभर ओळखले जाते.

मग घोडे अडले कुठे?

कोली यांच्याकडे बरे झालेले रुग्ण होते, पण ते का बरे झाले याचे उत्तर नव्हते. जिवाणूंमधले विष गाठीला मारते, असा त्यांचा साधारण समज होता. तो चुकीचा होता, हे आज आपण सांगू शकतो. तेव्हा रोगप्रतिकारशक्तीचे विज्ञान नुकते रांगू लागले होते.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगतात की एका वेळी एकच गोष्ट बदला. कोली यांच्या कामात सगळेच एकाच वेळी बदलत होते. टॉक्सिनची डझनाहून अधिक वेगवेगळी मिश्रणे बनली, काही जहाल, काही अगदी मिळमिळीत. कधी इंजेक्शन थेट गाठीत, कधी स्नायूत, कधी शिरेत. काही रुग्णांवर सोबत शस्त्रक्रियाही झालेली. काहींचा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पक्का केलेला, काहींचा नाही. कित्येकांचा नंतर पाठपुरावाच झाला नाही. एखाद्या डॉक्टरने कंपनीचे सौम्य टॉक्सिन घेऊन, थोडासा ताप आल्यावर घाबरून उपचार थांबवले, तर परिणाम दिसणार कसा? आणि तो दिसला नाही की दोष कोली यांच्या दाव्यावर.

टीका सुरुवातीपासूनच होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने १८९४ मध्येच या उपचारावर कठोर शब्दांत झोड उठवली होती. पण खरा प्रतिस्पर्धी पुढे आला तो रेडिएशनच्या रूपाने. क्ष-किरण आणि रेडियम यांचा परिणाम लगेच दिसे, डोस मोजता येई, आणि रुग्णाला आठवडेच्या आठवडे तापाने फणफणत ठेवावे लागत नसे. कोली यांनी स्वतःही क्ष-किरण वापरून पाहिले होते. त्याचा परिणाम तेवढ्या जागेपुरता आणि तात्पुरता असतो, असे त्यांचे मत झाले.

मेमोरियल हॉस्पिटलमध्येच त्यांचा सामना जेम्स युइंग यांच्याशी झाला. युइंग त्या काळचे कॅन्सरमधले सर्वांत वजनदार पॅथॉलॉजिस्ट. हाडांच्या एका कॅन्सरला आजही युइंग सार्कोमा म्हणतात. खाणमालक जेम्स डग्लस यांनी रुग्णालयाला मोठी देणगी आणि रेडियम दिले, युइंग यांच्या हाती सूत्रे आली आणि रेडिएशन हा तिथला मुख्य उपचार झाला. कोली यांचे जे रुग्ण बरे झाले त्यांना मुळात कॅन्सर नव्हताच, अशी शंका युइंग घेत. दोघे एकाच इमारतीत काम करत होते आणि त्यांच्यातले वितुष्ट सर्वांना ठाऊक होते.

युइंग यांना या गोष्टीत खलनायक ठरवणे सोपे आहे, अनेक लेखांत ते ठरवलेही जाते. पण निदान पक्के करा, आकडे दाखवा, ही त्यांची मागणी चूक नव्हती. त्यांनी स्वतः रेडियमवर ठेवलेला विश्वास मात्र त्याच कसोटीवर किती टिकला असता, हा प्रश्न उरतोच.

कोली यांनी चाळीसहून अधिक वर्षांत सुमारे हजार रुग्णांवर उपचार केले. १६ एप्रिल १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे केमोथेरपी आली आणि टॉक्सिन मागे पडत गेले. १९६३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला सिद्ध झालेले औषध मानण्यास नकार दिला. १९६५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते अप्रमाणित उपचारांच्या यादीत टाकले. भोंदू उपायांच्या शेजारी. काही वर्षांनी ते यादीतून काढले गेले.

मुलीने उघडलेली खोकी

कोली यांचे नाव वाचले ते त्यांच्या मुलीमुळे. हेलन कोली नॉट्स. जन्म १९०७. त्या डॉक्टर नव्हत्या, विज्ञानाची पदवीही त्यांच्याकडे नव्हती. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून त्यांनी त्यांची कागदपत्रे चाळायला घेतली आणि रुग्णांच्या नोंदींत अडकल्या त्या कायमच्या.

वडिलांनी जे केले नव्हते, ते मुलीने केले. कोणत्या रुग्णाला कोणते मिश्रण, किती काळ, कुठे टोचले, ताप किती आला, पुढे रुग्ण किती वर्षे जगला, अशी सुमारे हजार रुग्णांची मांडणी त्यांनी केली. जिथे मिश्रण जहाल होते आणि उपचार दीर्घकाळ चालले तिथे निकाल चांगले दिसत होते. मेमोरियलमधल्या वरिष्ठांनी त्यांना फारशी दाद दिली नाही. पदवी नसलेल्या बाईने, तीही त्याच डॉक्टरची मुलगी, हे सांगावे ही कल्पनाच अनेकांना पचली नसावी.

१९५३ मध्ये हेलन यांनी नेल्सन रॉकफेलर यांच्याकडून २ हजार डॉलर मिळवून कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन केली. नेल्सन हे जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांचे पुत्र, म्हणजे बेसीच्या त्या मित्राचे. कॅन्सरविरुद्ध रोगप्रतिकारशक्ती वापरण्याच्या संशोधनाला पैसा देणे हेच या संस्थेचे काम. तेव्हा या विषयाला कोणी विचारत नव्हते.

टी पेशी या गोष्टीत कधी आल्या?

हेलन यांना गांभीर्याने घेणाऱ्यांत लॉइड ओल्ड हे तरुण संशोधक होते. १९५८ मध्ये ते स्लोन केटरिंगमध्ये आले. कोली ज्या संस्थेत शेवटी एकाकी पडले, तिथेच. ओल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवले की क्षयाची बीसीजी लस दिलेल्या उंदरांमध्ये कॅन्सरची गाठ सहज वाढत नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना बीसीजी आजही दिली जाते, भारतातसुद्धा.

ओल्ड आणि एडवर्ड बॉइस यांच्या प्रयोगशाळेने १९६० च्या दशकात उंदरांच्या पांढऱ्या पेशींवरील ओळखचिन्हे शोधून काढली. प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखपत्र असावे तसे हे रेणू. त्यातल्याच एकाला आज सीडी८ म्हणतात आणि मारेकरी टी पेशी त्यावरून ओळखतात. टी पेशी सगळ्या सारख्या नसतात, काही मदतनीस असतात तर काही थेट मारणाऱ्या, हा भेद या चिन्हांमुळे स्पष्ट झाला.

१९७५ मध्ये ओल्ड यांच्या गटाने टीएनएफ हे प्रथिन शोधले. जिवाणूंचे घटक टोचल्यावर शरीर स्वतःच ते तयार करते आणि त्याने उंदरांतली गाठ मरते. कोली यांचे टॉक्सिन स्वतः गाठीला मारत नव्हते, ते शरीराला हाक देत होते, हे समजायला ८० वर्षे लागली. जिवाणू आत शिरले अशी सूचना मिळाली की पहारेकरी पेशी जाग्या होतात, रसायने सोडतात, ताप येतो, आणि गाठीचे तुकडे टी पेशींना दाखवले जातात. कोली यांच्या रुग्णांत नेमके असेच घडले, हे आता तपासून पाहण्याचा मार्ग नाही. पण त्यांनी लिहून ठेवलेल्या खुणा या चित्रात बसतात.

रोगप्रतिकारशक्ती कॅन्सरला रोखते का, यावर मात्र संशोधकांत दुमत होतेच. २००१ मध्ये ओल्ड आणि रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने दाखवले की टी पेशींसारख्या लढाऊ पेशी नसलेल्या उंदरांना कॅन्सर जास्त होतो. त्याच वर्षी हेलन यांचे निधन झाले. ओल्ड २०११ मध्ये गेले. त्याच वर्षी टी पेशींचा ब्रेक सोडणारे अ‍ॅलिसन यांच्या संशोधनावर आधारित औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरसाठी मंजूर झाले.

कोली टॉक्सिन आज वापरतात का?

मान्यताप्राप्त उपचार म्हणून नाही. तापाने कॅन्सर बरा होतो अशा अर्थाचे मेसेज अधूनमधून फिरतात, त्यांत कोली यांचे नावही असते. नेहमीच्या तापाने गाठ विरघळत नाही आणि केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला ताप येणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची बाब आहे.

कार-टी उपचारात रुग्णाच्या टी पेशी काढून, त्यांत बदल करून पुन्हा शरीरात सोडतात. भारतात तयार झालेल्या या उपचाराचा खर्च परदेशाच्या साधारण दशांश असल्याचे सांगितले जाते, तरी तो लाखांत आहे. पेशी सोडल्यानंतर अनेकांना थंडी वाजून जोरदार ताप भरतो. पेशी कामाला लागल्याची ती खूण असू शकते आणि तो आवाक्याबाहेर गेला तर जिवावरही बेतू शकतो. त्यामुळे पुढचे काही दिवस वॉर्डमधल्या परिचारिका ठरावीक वेळेला येऊन तापमान मोजतात आणि तक्त्यावर लिहून ठेवतात.